माणिकबागेचं स्कॉटिश कुळ

इंदूरच्या माणिकबागेची चर्चा बहुधा पॅरिसपाशी येऊन थांबते. रुलमानचं फर्निचर, आयलीन ग्रे आणि ल कॉर्ब्युझिए यांच्या खुर्च्या, दा सिल्वा ब्रूनचे गालिचे. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० ते १९३३ या काळात हा महाल घडवून घेतला, हे सर्वश्रुत आहे. मला मात्र धागा सापडला तो महालाचा वास्तुकार एकार्ट मुथेसियसच्या बाप्तिस्म्यात: त्याचा धर्मपिता होता ग्लासगोचा वास्तुकार चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश!

एकार्टचे वडील हेर्मान १८९६ ते १९०३ लंडनच्या जर्मन वकिलातीत होते. तिथली घरं न्याहाळून त्यांनी तीन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि मॅकिन्टॉशची थोरवी जर्मनांना पटवली. एकार्ट १९०४ साली जन्मला. त्याच साली स्कॉटलंडमध्ये हेलेन्सबर्गला मॅकिन्टॉशचं ‘हिल हाउस’ पुरं झालं. जुन्या स्कॉटिश गढ्यांच्या जाड, बिननक्षीच्या भिंतींचा मॅकिन्टॉशला ध्यास होता. त्यामुळे घर बाहेरून कोरं. आत मात्र खुर्च्या-दिव्यांपासून शेकोटीच्या चिमट्यापर्यंत जवळजवळ सारं एकाच हातचं.

यावर आक्षेप येतो की माणिकबाग म्हणजे बाउहाउस या जर्मन कलाशाळेचं अपत्य. काच, धातू, वातानुकूलन यांत स्कॉटलंड कुठून आलं? साहित्य बर्लिनचं, हे मान्य. पण आरामखुर्चीतच वाचनाचा दिवा बसवणारी, दाराच्या मुठीपर्यंत पोचणारी नजर कारखान्यात तयार होत नाही. एकार्ट वाढला तो बर्लिनजवळ निकोलासझे इथे, मॅकिन्टॉशची थोरवी जाणणाऱ्या वडिलांनी इंग्लिश ग्रामगृहांच्या धर्तीवर बांधलेल्या घरात. ती नजर त्याला तिथेच लाभली, असं मी ठामपणे मानतो. बाउहाउसनं त्याला भाषा दिली, संस्कार ग्लासगोचा.

हे कुळ मानलं, तर जतनाचा अर्थही बदलतो. हिल हाउसच्या सिमेंटच्या गिलाव्याला तडे गेले, पाणी मुरलं. म्हणून २०१९ साली अख्ख्या घरावर छप्पर आणि पोलादी जाळीचा पिंजरा उभारला गेला. भिंती सुकू लागल्या आणि आतलं घरही वाचलं. माणिकबागेत उलट घडलं. इमारत सरकारी कार्यालय म्हणून टिकली. सामान १९८० साली मोनाकोच्या लिलावात जगभर पांगलं. जिथे खुर्ची हाही वास्तूचाच भाग, तिथे गिलावा आणि रंगरंगोटी म्हणजे अर्धंच जतन. विखुरलेल्या वस्तूंच्या हुबेहूब प्रतिकृती करून निदान एक दालन मूळ रूपात मांडावं. माणिकबागेची खरी डागडुजी तिथूनच सुरू होईल.