मुंबईची यथार्थदर्शी कलापरंपरा आणि 'पुरोगामी' हा शब्द

मुंबईच्या चित्रकलेचा इतिहास सांगताना १९४७ हे साल सीमारेषेसारखे वापरण्याचा प्रघात पडला आहे. त्या वर्षी सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे हे चित्रकार आणि शिल्पकार बाकरे यांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन केला. रेषेच्या अलीकडचे ते आधुनिक आणि पलीकडचे ते 'अकॅडमिक', अशी वाटणी तेव्हापासून रूढ झाली. आणि पलीकडच्यांकडे पाहण्याचे कारणच उरले नाही, अशी समजूत हळूहळू दृढ होत गेली. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र. चित्रकलेचा व्यवसायी अभ्यासक तो नव्हे. तथापि या वादाचा निकाल चित्रांनी जितका लावला त्याहून अधिक तो शब्दांनी लावला, असे त्याचे मत असल्यामुळे हा विषय येथे मांडणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम 'पुरोगामी' हाच शब्द घ्यावा. लखनौ येथे १९३६ मध्ये पुरोगामी लेखकांच्या संघाचे अधिवेशन भरले, तेव्हापासून तो भारतीय वाङ्मयीन व्यवहारात स्थिरावलेला होता. चित्रकारांनी तो उचलला यात आश्चर्य नाही. परंतु काही विशेषणे एकटी नांदत नाहीत. ती आपला विरुद्धार्थी जोडीदार बरोबर घेऊनच येतात. स्वतःस 'पुरोगामी' म्हणविणारा मनुष्य दुसऱ्याविषयी अवाक्षर न काढताही त्यास 'प्रतिगामी' ठरवून मोकळा होतो. फ्रेंच भाषेतील 'आव्हाँ-गार्द' या संज्ञेचे मूळ तर सरळ लष्करी आहे: सैन्याच्या पुढे चालणारी तुकडी. या रूपकात सर्व सैन्य एकाच वाटेने एकाच मुक्कामास निघाले आहे हे गृहीत धरलेले असते. कला अशी एकाच वाटेने चालते काय, हा खरा प्रश्न. पण रूपक स्वीकारले की तो विचारताच येत नाही. 'अकॅडमिक' या शब्दाची दशा याहून चमत्कारिक आहे. विद्यापीठाच्या आवारात तो प्रतिष्ठेचा, आणि चित्रप्रदर्शनाच्या दालनात निंदेचा!

आता ज्या परंपरेस हा शब्द लावला गेला तिच्याकडे वळू. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईचे कलाविद्यालय सुरू झाले. यथादर्शन, छायाप्रकाश, जिवंत व्यक्ती समोर बसवून केलेला शरीररचनेचा अभ्यास, तैलरंग, हे सारे इंग्रज शिक्षकांबरोबर आले, हे निर्विवाद आहे. म्हणून ही परंपरा परकी, अनुकरणाची, असा आक्षेप प्रथम घेतला तो आधुनिकांनी नव्हे. तो १८९६ मध्ये कलकत्त्याच्या कलाशाळेत आलेल्या हॅवेल यांनी आणि अवनींद्रनाथांच्या संप्रदायाने. मुंबईच्या यथार्थदर्शी चित्रकारांवर असे दोनदा आरोपपत्र ठेवले गेले. पहिल्या वेळी ते पुरेसे भारतीय नव्हते. दुसऱ्या वेळी ते पुरेसे आधुनिक नव्हते.

पहिल्या आरोपाचा विचार करताना भाषेचा दाखला उपयोगी पडावा. कागद, शाई, कलम, तसबीर, नमुना, कसब, कारागीर: चित्रकाराच्या आणि लेखकाच्या कामाचे हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले. ते आज मराठी नाहीत असे कोणी म्हणणार नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. ते कार्य थोर होते, यात शंका नाही. परंतु 'पेशवा' या शब्दास 'मुख्यप्रधान' असा प्रतिशब्द मिळूनही पुढील शतक इतिहासात ओळखले जाते ते पेशवाई म्हणूनच. उसना शब्द परका राहतो की आपला होतो, हे त्याच्या जन्मस्थानावरून ठरत नसते. त्यास कोणते प्रत्यय लागतात, तो कोणाच्या तोंडी बसतो, यावरून ते ठरते.

कलेतही असे प्रत्यय लागलेले दाखविता येतात. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत, वयाच्या विसाव्या वर्षी, १८९६ मध्ये 'मंदिरपथगामिनी' हा पुतळा केला. मानवी देह मातीत उभारण्याचे शिक्षण त्यांना पाश्चात्त्य साच्यांवरून मिळाले असेल; परंतु देवळाकडे निघालेल्या तरुणीच्या नऊवारी लुगड्याचा काष्टा, पायांवरच्या चुण्या, पूजेचे साहित्य धरण्याची रीत, हे शिकविणारा साचा कोणत्याही ग्रीक पुतळ्यात नव्हता. तंत्र उसने होते. वाक्य मात्र मराठी होते. महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. १८९५ मध्ये बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्यांच्या चित्राचे शीर्षक म्हणजे लक्ष्मीला 'आलीस का?' असे विचारणारा घरगुती बोलीतील प्रश्न आहे. मुंबईच्या रस्त्यावरील नाना जातिधर्मांचे लोक, त्यांची पागोटी, लुगडी, दागिने, उभे राहण्याची ढब, हे धुरंधरांच्या रेखाटनांत जितक्या तपशिलाने सापडते तितके त्या काळच्या मराठी गद्यात क्वचितच सापडेल.

सावळाराम हळदणकरांचे एक जलरंगचित्र याच संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. एक स्त्री हाती समई घेऊन उभी आहे. दुसऱ्या हाताने तिने ज्योतीस आडोसा केला आहे आणि बोटांतून प्रकाश लालसर पाझरतो आहे. हे १९४५-४६ च्या सुमाराचे काम. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरावयाचा नसतो. कागदाचा पांढरेपणा राखून ठेवून त्यातूनच उजेड निर्माण करावयाचा असतो. गडद छटेकडून उजळ छटेकडे परतण्याची वाट जवळजवळ नसते. अशा माध्यमात काळोख आणि ज्योत एकाच कागदावर सांभाळणे हे निव्वळ हातचलाखीचे काम नव्हे. कोठे रंग लावावयाचा नाही याचा निर्णय आधी करावा लागतो, आणि तो निर्णय हीच येथील प्रतिभा आहे. 'कारागिरी' आणि 'कला' यांची फारकत करून पहिलीस खालच्या पंक्तीस बसविणाऱ्या समीक्षेपाशी असल्या निर्णयाचे मोल मोजण्याचे मापच नाही.

अर्थात या परंपरेत दोष नव्हते असे नाही. धनिकांची व्यक्तिचित्रे, साचेबंद पौराणिक प्रसंग, पारितोषिकांवर नजर ठेवून केलेली प्रदर्शनीय चित्रे यांचे पीक पुष्कळ निघाले. तरुण चित्रकारांना त्याचा उबग आला असल्यास त्यांस दोष देता येणार नाही. हुसेनांची रेषा आणि रझांचा रंग यांचे श्रेष्ठत्व नाकारण्याचा येथे हेतूही नाही.

पण पुरोगामी गटाच्या १९४९ च्या प्रदर्शनाची हकीकत नीट पाहिली की सीमारेषा पुसट होऊ लागते. हे प्रदर्शन भरले ते बाँबे आर्ट सोसायटीच्याच दालनात. त्याच्या निवेदनात सूझांनी आशय आणि तंत्र यांबाबत जवळजवळ अराजकापर्यंत पोहोचणाऱ्या स्वातंत्र्याची घोषणा केली. मात्र त्याच वाक्यात सौंदर्यव्यवस्था, घटकांचा मेळ आणि रंगसंगती यांचे एकदोन सनातन नियम त्यांनी अपवाद म्हणून राखून ठेवले. हा अपवाद घोषणेपेक्षा अधिक बोलका आहे. आरा स्वयंशिक्षित होते आणि हुसेनांचा हात सिनेमाच्या फलकांवर तयार झाला, हे खरे. परंतु बाकरे व रझा जमशेटजी जीजीभाई विद्यालयात शिकले, आणि १९४५ मध्ये तेथून काढून टाकले गेलेले सूझाही तत्पूर्वी काही वर्षे तेथेच रेखाटन करीत होते. मराठी वाचकास याचा एक समांतर दाखला परिचित आहे. त्याच १९४७ मध्ये 'काही कविता' प्रसिद्ध करणाऱ्या मर्ढेकरांनी यंत्रयुगाची विदीर्णता व्यक्त करण्यासाठी अभंग-ओवीचाच आश्रय केला. व्याकरण मोडणाऱ्यास ते आधी अवगत असावे लागते. आणि ते जिवंत ठेवणारे लोक कोणीतरी असावे लागतात. गट पुढे दहा वर्षेही टिकला नाही. सूझा १९४९ मध्ये लंडनला व रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले, आणि १९५६ पर्यंत गट विसर्जित झाला. 'पुरोगामी' हे विशेषण मात्र राहिले व त्याने मागील नव्वद वर्षांवर आपली छाया टाकली.

त्या छायेत काय झाकले गेले याचा शोध अलीकडे होऊ लागला आहे. २०१३ मध्ये शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकलेचा खंड निघाला. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. परंतु धुरंधरांचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे १९४० चे आत्मकथन मराठी गद्याच्या अभ्यासक्रमात लावल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. हळदणकरांचे समईचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. असंख्य प्रवासी ते पाहतात, आणि त्यांतील कितीतरी जण ते राजा रविवर्म्याचे म्हणून सांगतात. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तला होता. चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी रंगविलेले आहे.