काउंटर, गिऱ्हाईक आणि यंत्र : सेल्फ-चेकआउटच्या इतिहासातून काय शिकायचे?

‘यंत्राला जात नसते’, असे आमचे अनेक तरुण मित्र उत्साहाने म्हणतात. मोठ्या दुकानात गिऱ्हाइकाने स्वतःच बारकोड यंत्राला दाखवायचा, स्वतःच पैसे भरायचे आणि पिशवी उचलून निघायचे. मध्ये माणूस नाही, म्हणून अपमान करणाराही नाही, असा त्यांचा युक्तिवाद. आम्ही तो हसण्यावारी नेणार नाही. ज्यांच्या आजोबांच्या ओंजळीत दुकानदाराने वरून माल टाकला आणि पैसे जमिनीवर ठेवायला लावले, त्यांना काउंटरमागचा माणूस नसण्याचे मोल चांगले कळते. पण हा युक्तिवाद अर्धाच आहे. उरलेला अर्धा या यंत्राच्या इतिहासात आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील किराणा दुकानात गिऱ्हाईक सहसा मालाला हात लावत नसे. काउंटरसमोर उभे राहून यादी सांगायची. माल काढणे, तोलणे, बांधणे हे नोकराचे काम. आधी कोणाला द्यायचे आणि चांगला माल कोणाला द्यायचा, हे काउंटरमागे ठरे. दक्षिणेकडच्या राज्यांत याचा अर्थ उघड होता. काळा माणूस कितीही आधी आलेला असो, गोरे गिऱ्हाईक आले की त्याने थांबायचे. कपड्यांच्या अनेक दुकानांत तर त्याला टोपी डोक्यावर घालून पाहण्याचीही मुभा नव्हती.

याच दक्षिणेत, टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात, ६ सप्टेंबर १९१६ रोजी क्लॅरेन्स सॉन्डर्सने ‘पिगली विगली’ हे दुकान उघडले. दारात फिरते फाटक, आत ठरलेली वाट, प्रत्येक वस्तूवर लिहिलेली किंमत आणि शेवटी रोखपाल. १९१७ साली त्याने या रचनेचे पेटंट मिळवले. सॉन्डर्सला वर्णभेद मोडायचा नव्हता, नोकरांचा पगार वाचवायचा होता. तरी किंमत सर्वांच्या डोळ्यांसमोर आली आणि माल स्वतःच्या हाताने निवडता येऊ लागला, हा लाभ आम्ही नाकारत नाही. मात्र त्याच दिवशी दुसरीही एक गोष्ट घडली. नोकराचे काम गिऱ्हाइकाच्या अंगावर आले, आणि तेही बिनपगारी. त्या वेळी निदान त्या बचतीचा काही वाटा स्वस्ताईच्या रूपाने गिऱ्हाइकाला मिळाला, एवढे खरे.

सॉन्डर्स तिथे थांबला नाही. १९३७ साली त्याने मेम्फिसमध्येच ‘कीडूझल’ नावाचे दुकान काढले. माल काचेआड, गिऱ्हाइकाच्या हातात एक किल्ली; हव्या त्या वस्तूपाशी किल्ली लावायची आणि माल सरकत्या पट्ट्यावरून यायचा. यंत्रे वारंवार बिघडत, प्रयोग फसला. पुढे ‘फूडइलेक्ट्रिक’ या दुकानाची योजना त्याने आखली. त्यात गिऱ्हाईकच स्वतःचा रोखपाल होणार होता. ते उघडण्याआधी १९५३ साली सॉन्डर्स वारला. म्हणजे सेल्फ-चेकआउटची कल्पना संगणकाच्या पोटातून निघालेली नाही. ती पगार वाचवण्याच्या विचारातून निघाली. संगणक नंतर तिच्या मदतीला आला.

२६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड प्रथम वाचला गेला. १९८६ च्या सुमारास अटलांटाजवळ क्रोगरच्या दुकानात ‘चेकरोबोट’ची चाचणी झाली. त्यात वस्तू गिऱ्हाईक स्कॅन करी, पैसे मात्र माणूस घेई. १९९२ साली न्यूयॉर्क राज्यातील प्राइस चॉपरच्या दुकानात आजच्या धर्तीचे यंत्र बसले. पिशवी ठेवण्याच्या जागेखाली वजनकाटा असतो. स्कॅन केलेल्या वस्तूचे नोंदलेले वजन आणि काट्यावरचे वजन जुळले नाही की यंत्र अडते. म्हणजे गिऱ्हाइकाला नोकर करतानाच या यंत्राने त्याला संशयितही केले.

मग फायदा कोणाचा झाला? अमेरिकेत रोखपालाचे काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. आता एका स्त्रीने अनेक यंत्रे सांभाळायची, अडलेले यंत्र सोडवायचे, चोरीवर नजर ठेवायची आणि वैतागलेल्या गिऱ्हाइकाचे बोलणेही खायचे. चोरी आणि तक्रारी वाढल्यावर मालकही मागे फिरू लागले. उत्तर इंग्लंडमधील बूथ्स कंपनीने २०२३ साली आपल्या बहुतेक दुकानांतून ही यंत्रे काढण्याचे जाहीर केले. २०२४ साली डॉलर जनरलने हजारो दुकानांतून ती हटवली. टार्गेटने बहुतेक दुकानांत दहा वस्तूंची मर्यादा घातली.

‘यंत्र भेद करत नाही’ म्हणणाऱ्यांनी रोख पैशाचाही विचार करावा. जे यंत्र फक्त कार्ड घेते, ते बँकेत खाते नसलेल्या माणसाला न बोलता बाहेर काढते. अमेरिकेत असे लोक गरिबांत आणि काळ्या समाजात अधिक आहेत. म्हणूनच २०१९ साली फिलाडेल्फिया शहराने दुकानांना रोख रक्कम नाकारण्यास बंदी घातली. न्यू जर्सी राज्यानेही त्याच वर्षी तसाच कायदा केला. इथे अपमान करणारा माणूस नव्हता, पण दार बंदच होते.

आणि माणूस खरोखर गेला का? रांगच नको म्हणून ॲमेझॉनने कॅमेऱ्यांवर चालणारी दुकाने काढली. २०२४ साली आपल्या अमेरिकेतील फ्रेश दुकानांतून ही पद्धत काढत असल्याचे तिने जाहीर केले. त्या सुमारास बातम्या आल्या, की या खरेदीची पडताळणी करायला भारतात सुमारे हजार माणसे बसलेली होती. ही माणसे खरेदी प्रत्यक्ष पाहत होती हे कंपनीने नाकारले. थोड्या व्यवहारांची तपासणी माणसे करतात हे मात्र मान्य केले. काउंटरमागचा माणूस गेला नव्हता, तो दिसेनासा झाला होता. जो दिसत नाही त्याचा पगार आणि त्याचे तास कोण विचारणार?

बाबासाहेबांनी १९४५ च्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात यंत्रविरोधाची झाडाझडती घेतली आहे. यंत्र माणसाला पशुवत कष्टातून सोडवते, त्याला फुरसत देते; दोष यंत्राचा नसून खासगी मालकीला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, अशी त्यांची मांडणी होती. आम्ही त्याच बाजूचे आहोत. चरख्याकडे परत जाण्यात आमची मुक्ती नाही.

पण ही कसोटी सेल्फ-चेकआउटला लावली तर काय दिसते? फुरसत कोणाला मिळाली? नोकराला मिळाली ती बेकारी, गिऱ्हाइकाला मिळाले ते काम आणि मालकाला मिळाली ती बचत. म्हणून उद्या आपल्या शहरातील दुकानात असे यंत्र बसेल तेव्हा आपण तीन प्रश्न विचारावेत. इथे काम करणाऱ्यांचे काय केले? रोख पैसा घेता का? वाचलेल्या पैशात कामगाराचा वाटा किती? यंत्राला जात नसते, हे मान्य. पण यंत्राला मालक असतो, आणि हे प्रश्न त्यालाच विचारायचे आहेत.