मागावर बसवलेल्या मुली

औद्योगिक डिझाइनच्या शिक्षणात बायका शिरल्या कुठून, याचा माग काढत गेलं तर सापडतो खराखुरा मागच. गाव जर्मनीतलं वायमार, साल 1919. वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपियसने बाउहाउस ही कला-डिझाइनची शाळा काढली तेव्हा वय किंवा स्त्री-पुरुष असा भेद न पाहता प्रवेश देऊ, असं जाहीर केलं. मुली आल्या, इतक्या आल्या की साहेबच दचकले. 1920 मध्ये त्यांच्यासाठी वेगळा वर्ग निघाला आणि थोड्याच दिवसांत तो विणकामशाळेत जिरला. मारिआन ब्रांटसारखी एखादी पुढे धातुकामात टिकली. बहुतेकींच्या हाती धोटाच आला.

तिथेही शिकवणारं धड कुणी नव्हतं. मग गुंटा श्टोल्झल आणि बेनिटा ओटे या विद्यार्थिनी 1922 मध्ये क्रेफेल्डला जाऊन रंगाई शिकून आल्या. पाच वर्षांनी अख्खी विणकामशाळा गुंटाच्या हाती आली. तोवर भिंतीवर टांगायच्या पटांपेक्षा कारखान्यात निघू शकेल अशा कापडाकडे काम वळलं होतं. बाउहाउसच्याच मार्सेल ब्रॉयरची पोलादी नळ्यांची खुर्ची सगळ्यांना ठाऊक असते. तिचे न लोंबणारे पट्टे मेण चढवलेल्या सुताचे. तो धागा सुधारण्याचं काम विणकामशाळेतल्या मार्गारेटा रायखार्टचं. कौतुक नळीचं झालं, बूड मात्र पट्ट्यावर टेकलं!

तिथलीच विद्यार्थिनी आनी अल्बर्स, तिला खरं तर काचकाम हवं होतं. मिळाला माग. 1930 मध्ये तिने पदविकेसाठी बेर्नाऊच्या कामगार संघटनेच्या शाळेतल्या सभागृहाकरता कापड विणलं. एका अंगाला उजेड परतवणारं सेलोफेन, दुसऱ्या अंगाला आवाज पिऊन टाकणारं लवदार शेनील. हे विणकाम होतं की ध्वनिशास्त्र, कोण सांगणार?

1933 मध्ये नात्झींच्या दडपणाखाली बाउहाउस मिटलं. ज्यू घरातली आनी नवऱ्यासोबत अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवायला गेली. तिथे विद्यार्थ्यांपुढे तिने अँडीजकडचा साधा माग ठेवला. काही काठ्या नि एक पट्टा. ताण्याचं एक टोक झाडाला किंवा खांबाला, दुसरं विणणारीच्या कमरेला. मागे रेललं की धागे ताठ, पुढे झुकलं की सैल. कारखान्यासाठी कापड आखायचं तर आधी ताण अंगाला कळला पाहिजे, असा त्यामागचा हिशेब.

1965 मध्ये तिचं 'ऑन वीव्हिंग' हे पुस्तक आलं. ते तिने अर्पण केलं ते आपल्या थोर गुरूंना, म्हणजे प्राचीन पेरूच्या विणकरांना.