सौरडागांची मोजदाद : तळणीपासून उपग्रहापर्यंत

१/ सूर्यावरील डाग आज संगणक मोजतो. 'एसडीओ' हा उपग्रह २०१० पासून सूर्याची ४०९६ × ४०९६ बिंदूंची छायाचित्रे रात्रंदिवस टिपत आहे. ती सारी डोळ्यांनी तपासणे अशक्यच. या यंत्राआधी जी माणसे डाग मोजत, त्यांतील एक स्त्री विदर्भात येऊन गेली होती. तिची ही कथा. #थ्रेड

२/ २२ जानेवारी १८९८. खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणातून ईशान्येस सरकत वऱ्हाडावरून गेली. आपल्या भंडाऱ्याच्या पश्चिमेस सुमारे दीडशे किलोमीटरवर, पुलगावनजीकच्या तळणीस इंग्रज निरीक्षकांचा तळ होता. त्यांत होते ॲनी आणि वॉल्टर माँडर हे दांपत्य. तेथे ॲनीने सूर्यापासून सुमारे एक कोटी किलोमीटर दूर पसरलेला प्रभाकिरण छायाचित्रात पकडला.

३/ १८९१ मध्ये ॲनी ग्रिनिच वेधशाळेत 'कॉम्प्युटर' म्हणून रुजू झाली. तेव्हा हा शब्द यंत्राचा नव्हे, गणिते करणाऱ्या माणसाचा वाचक होता. वेतन महिना ४ पौंड. १८९५ मध्ये विवाह झाला आणि तत्कालीन नियमानुसार नोकरी सुटली.

४/ काम असे : सूर्याच्या काचपट्टीवरील प्रत्येक डागाचे स्थान व क्षेत्रफळ मोजायचे. ग्रिनिचवर आभाळ भरले की देहरादून व मॉरिशसच्या काचपट्ट्या ती उणीव भरून काढत.

५/ या नोंदींतूनच माँडरांचा १९०४ चा 'फुलपाखरू आलेख' साकारला. सुमारे ११ वर्षांच्या चक्रात डाग प्रथम मध्य अक्षांशांवर उमटतात व क्रमाने विषुववृत्ताकडे सरकतात, हे त्यात एका दृष्टिक्षेपात दिसते. प्रकाशित शोधनिबंधावर नाव मात्र एकट्या वॉल्टरचे.

६/ संगणक काय करतो? सूर्यबिंब कडेला मंद दिसते. आधी तो फरक काढून टाकतो. मग भोवतालापेक्षा ठरावीक प्रमाणात काळे बिंदू वेगळे करून त्यांचे पुंजके डाग म्हणून नोंदवतो. कोडाईकनालच्या १९२१ ते २०११ या काळातील सौरचित्रांवरही अशीच अर्धस्वयंचलित पद्धत वापरली गेली.

७/ खरी अडचण इतिहासाच्या विद्यार्थ्याला परिचित अशीच : साधनचिकित्सेची. काळेपणाची मर्यादा किंचित हलवली की डागाचे क्षेत्रफळ बदलते. ग्रिनिचची मालिका १९७६ मध्ये संपली. त्यापुढील अमेरिकी नोंदी तिच्याशी जुळवण्यासाठी क्षेत्रफळांना सुमारे १.४ ने गुणण्याचा प्रघात आहे.

८/ आकडा बदलला तो सूर्य बदलल्यामुळे की मोजणारा बदलल्यामुळे? याचे उत्तर जुन्या नोंदींशी ताडूनच मिळते. सूर्याच्या दीर्घकालीन वर्तनाविषयीचे आजचे निष्कर्ष त्यावर विसंबून आहेत. म्हणून यंत्र कितीही चपळ असो, त्याच्या आकड्यांची पारख अखेर त्या महिना ४ पौंडांच्या मोजणीशीही होते. (समाप्त)