द्राक्षासव: पनवेलची सेमी-स्वीट रेड

द्राक्षासव ही वाइन आहे. औषध आहे हे मान्यच, पण आधी वाइन आहे. काळ्या मनुका, पाणी, साखर किंवा गूळ, मध, थोडे मसाले आणि आंबवायला रानातली फुलं. बाहेरून दारूचा थेंब घालायचा नाही, आणि जुन्या पाठांत विकतच्या यीस्टचा प्रश्नच येत नाही. आजकाल महागड्या बारमध्ये 'नॅचरल वाइन' म्हणून जी गढूळ बाटली कौतुकानं उघडतात, तिची व्याख्या याहून फार वेगळी नाही. फरक इतकाच की ही बाटली केमिस्टकडे मिळते आणि सोबत मापाचं झाकण येतं.

हे डोक्यात आलं ते एका जॉर्जियन बाटलीमुळे. टीममधला एक जण तिबिलिसीहून 'किंद्झमरौली' घेऊन आला होता. सापेरावी नावाच्या द्राक्षाची, जवळजवळ काळी दिसणारी, सेमी-स्वीट रेड. आमचं रेड वाइनचं ज्ञान दोन खणांत मावणारं: चांगली असेल तर तुरट-कोरडी, गोड असेल तर गोव्याहून आणलेली स्वस्त पोर्ट. ही दोन्हींत बसेना. गोड होती, पण त्या गोडीखाली चांगलाच तुरटपणा होता आणि सरबताचा चिकटपणा अजिबात नव्हता. तेवढ्यात एक जण म्हणाला, "अरे, हे तर आजीच्या द्राक्षासवासारखं लागतंय." सगळे हसले. मी दुसऱ्या दिवशी केमिस्टकडे गेलो.

आता थोडं तांत्रिक, पण सोसा. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल बनवतं. त्याला मोकळं सोडलं तर ते साखर संपेपर्यंत थांबत नाही, म्हणून वाइन कोरडी होते. गोडी ठेवायची तर हा लूप मध्येच तोडावा लागतो. जॉर्जियातल्या राचा भागात (तिथली 'ख्वांचकारा' प्रसिद्ध आहे) डोंगरातली थंडी हे काम करायची. आता स्टीलच्या टाक्या गार करतात. पोर्तुगालमध्ये दोरो नदीच्या खोऱ्यात अर्धवट आंबलेल्या रसात सुमारे ७७ टक्के अल्कोहोलची द्राक्षाची दारू ओततात. यीस्ट मरतं, साखर उरते, आणि १९-२० टक्क्यांची पोर्ट तयार होते. म्हणजे एकीकडे थंडी, दुसरीकडे सरळ खून.

आपल्याकडे ना तशी थंडी, ना आसवात दारू ओतायची मुभा. मग आसव गोड कसं राहतं? साखरच इतकी घालतात की यीस्ट तिच्यातच दमतं. लवंग, दालचिनी, पिंपळी हेही त्याच्या वाढीला फारसे पोषक नाहीत. साधारण पाच ते दहा टक्के अल्कोहोल तयार झालं की गाडी मंदावते आणि उरलेली साखर तशीच राहते. आणि हे सुरू कोण करतं? धायटीची फुलं. सह्याद्रीत उन्हाळ्याच्या तोंडाला लाल फुलांनी भरलेली जी झुडपं दिसतात ती. त्यांच्या मधाबरोबर रानटी यीस्ट येतं, आणि फुलांतलं टॅनिन तुरटपणा देतं.

कृती वाचली तर जॉर्जियाच जवळची वाटते. मातीचं भांडं घ्यायचं, आतून तूप चोळायचं, धुरी द्यायची, सगळं भरून तोंड मातीच्या कापडानं बंद करायचं आणि धान्याच्या राशीत किंवा जमिनीत महिनाभर पुरून ठेवायचं. जॉर्जियात क्वेव्री नावाचा मातीचा रांजण आतून मेण लावून जमिनीत पुरतात. २०१३ मध्ये युनेस्कोनं त्या पद्धतीला वारशाच्या यादीत घातलं. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती: न गळणारं भांडं आणि फार न बदलणारं तापमान. आपल्याकडची टेस्टिंगची पद्धत मला सगळ्यात आवडली. भांड्याच्या तोंडाशी पेटती काडी न्यायची. विझली तर कार्बन डायऑक्साइड अजून निघतोय, थांबा. जळत राहिली तर काम झालं. याहून स्वस्त युनिट टेस्ट मी पाहिलेली नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौऱ्याऐंशी आसवं सांगितली आहेत, धान्य, फळं, मुळं, फुलं, साली अशा उगमांनुसार लावून. आंबवणं ही तिथे लाजायची गोष्ट नाही. लाज नंतर आली, आणि माझ्या मते ती बरीचशी कायद्यानं आणली.

पनवेलमध्ये 'श्री धूतपापेश्वर' हा पुराणिक घराण्याचा आयुर्वेदिक कारखाना १८७२ पासून आहे. वाशीहून लोकलनं जाऊन येण्याइतक्या अंतरावर, म्हणजे आपल्या नवी मुंबईच्या शंभर वर्षं आधीपासून. घाटातली वनस्पती आणि मुंबईचं गिऱ्हाईक दोन्ही हाताशी, असा त्या जागेमागचा हिशेब असावा असा माझा अंदाज. नंतर सहाच वर्षांनी, १८७८ मध्ये, मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. १८९२ मध्ये तर खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला आणि ठाणे-कुलाबा भागात ती फुलं गोळा करण्यावर, बाळगण्यावर बंधनं आली. म्हणजे बघा, त्याच डोंगरांतलं धायटीचं फूल वैद्याच्या भांड्यात गेलं की औषध, आणि मोहाचं फूल कातकऱ्याच्या झोपडीत सापडलं की गुन्हा. रसायनशास्त्र दोन्हीकडे एकच. मोहाच्या फुलांवरची बंधनं राज्य सरकारनं उठवली ती थेट २०२१ मध्ये.

असो. खरी गंमत दारूबंदीच्या काळात झाली. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री. त्याची व्याख्या इतकी सैल होती की अल्कोहोल असलेली जवळपास कुठलीही बाटली तिच्यात यायची, खोकल्याच्या औषधापासून कोलन वॉटरपर्यंत. एफ. एन. बलसारा नावाचे मुंबईकर याविरुद्ध कोर्टात गेले. त्यांनी व्हिस्की, ब्रँडी, बिअर यांच्याबरोबर औषधी वाइन बाळगण्याचा आणि वापरण्याचा हक्क मागितला. मे १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टानं कायदा बहुतांशी कायम ठेवला, पण अल्कोहोल असलेल्या औषधांना आणि प्रसाधनांना लागू होणारा भाग रद्द केला. व्हिस्की गेली, औषधी वाइन वाचली.

मग सरकारपुढे जो प्रश्न आला तो तुम्हीआम्ही डिझाइन मीटिंगमध्ये रोज बघतो: एज केस. औषध कुठे संपतं आणि दारू कुठे सुरू होते? दुरुस्ती करून ठरवलं की जे औषध 'मादक पेय म्हणून वापरण्यास अयोग्य' ते सुटेल. अयोग्य आहे की नाही हे कोण ठरवणार? त्यासाठी कायद्यात तज्ज्ञ मंडळाची तरतूद झाली. १९५५ च्या केंद्रीय कायद्यानं तर आपोआप तयार झालेल्या अल्कोहोलच्या आयुर्वेदिक औषधांचे दोन वर्गच केले: साधं मद्य म्हणून पिता येण्याजोगी आणि न येण्याजोगी. दुसऱ्यांना कर माफ, पहिल्यांना कर. थोडक्यात, चव चांगली असेल तर पैसे भरा. (२०१७ पासून हे सगळं जीएसटीत गेलं.)

आणि हा विनोद एकतर्फी नाही. महाराष्ट्रात दारू प्यायला कागदोपत्री आजही परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. तो मिळतो कशासाठी, तर आरोग्य जपण्यासाठी! म्हणजे वाइन शॉपमधली व्हिस्की कायद्याच्या नजरेत औषध, आणि केमिस्टकडची वाइन दारू नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हा 'वाइन म्हणजे दारू का?' यावर महिनाभर भांडण चाललं, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय कागदावरच राहिला. त्या भांडणात द्राक्षासवाचं नाव कुणी घेतलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही. ज्या घरांत दारूचं नाव काढलेलं चालत नाही, तिथेही बाळंतिणीच्या फळीवर दशमूलारिष्ट असतंच.

तर, चव. तीस मिली, पाणी न घालता, वाइनच्या ग्लासात. रंग लालपेक्षा तपकिरीकडे झुकणारा. वासात आधी लवंग, मग गूळ, मग जुन्या लाकडी कपाटाचा वास. पहिला घोट फार गोड, किंद्झमरौलीच्या दुप्पट तरी. मग पाचेक सेकंदांनी घशात मिरी-पिंपळीची ऊब येते आणि शेवटी धायटीचा तुरटपणा जिभेला पकडतो. हा शेवट चांगल्या रेड वाइनच्या तोडीचा आहे, हे मी गंभीरपणे म्हणतोय. तिखट चकलीबरोबर फारच जमलं. पण ग्लासभर पिता येणार नाही. मसाला दुसऱ्या घोटापासूनच अंगावर येतो. तज्ज्ञ मंडळावर असतो तर मी 'मद्य म्हणून अयोग्य' असाच शेरा मारला असता, जरा हळहळत.

त्याचा थोरला भाऊ महाद्राक्षासव मात्र बहुधा या परीक्षेत पास झाला असावा. औषधांच्या नियमांत त्याच्या बाटलीला जास्तीत जास्त १२० मिलीची मर्यादा आहे, आणि मृतसंजीवनी सुरेला तर फक्त ३० मिलीची. साध्या द्राक्षासवाला तशी मर्यादा नाही. माझी बाटली ४५० मिलीची आहे.