तीन पाय वेळेसाठी, एक पाय वजनासाठी : मोनोपॉडचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह दिसतंय, ते स्वाभाविक आहे. कॅमेऱ्याखाली लावायची एक काठी, तिला कसला आलाय इतिहास? पण वस्तू जितकी साधी, तितकी ती का निर्माण झाली हे आपण कमी विचारतो. आणि ते न विचारल्यामुळेच दुकानात गेल्यावर गोंधळ होतो. मोनोपॉड घेऊ की ट्रायपॉड, अॅल्युमिनियमचा की कार्बनचा, वर हेड लावू की नको? या प्रश्नांची उत्तरं माहितीपत्रकात शोधण्यापेक्षा इतिहासात शोधलेली बरी, असं माझं मत आहे. बघू या पटतंय का.

एक सर्वसाधारण समजूत अशी, की मोनोपॉड म्हणजे दोन पाय कमी केलेला ट्रायपॉड. थोडा स्वस्त, थोडा हलका, थोडा कमी कामाचा. मला वाटतं ही वंशावळच चुकीची आहे. या दोन वस्तू दोन वेगळ्या अडचणींतून जन्माला आल्या. ट्रायपॉडची अडचण वेळेची होती. एकपायी आधाराची अडचण वजनाची होती. आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आधी वेळेची गोष्ट. १८३९ साली फ्रान्समध्ये लुई दागेरची पद्धत जाहीर झाली. त्याच्या आधीच्या वर्षी, १८३८ मध्ये, त्याने पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचं चित्र घेतलं होतं. रस्ता गजबजलेला, पण चित्रात जवळजवळ कुणीच नाही. कारण प्लेटवर प्रकाश पाडायला काही मिनिटं लागायची. चालणारी माणसं, घोडागाड्या, सगळं पुसलं गेलं. दिसतो तो एक गृहस्थ, बूट पॉलिश करून घेत उभा राहिलेला. तो थांबला म्हणून टिकला!

अशा काळात कॅमेरा हातात धरायचा प्रश्नच नव्हता. कॅमेऱ्याला तिवई लागायची, आणि गंमत म्हणजे समोरच्या माणसालाही आधार लागायचा. स्टुडिओत खुर्चीमागे लोखंडी दांडी असे आणि तिच्या चिमट्यात डोकं टेकवून बसावं लागे. जुन्या फोटोंत आजोबा-पणजोबा टेबलावर हात ठेवून एवढे ताठ का बसलेत, त्याचं एक कारण हे आहे.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची पद्धत आणली. वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला. १८५५ मध्ये रॉजर फेंटन क्रिमियाच्या युद्धावर गेला तो एका दारूविक्रेत्याची घोडागाडी अंधारखोलीत बदलून आणि सातशेच्या आसपास काचा घेऊन. तरीही त्याच्या चित्रांत प्रत्यक्ष लढाई नाही, कारण काही सेकंद म्हणजेसुद्धा लढाईत फार. आपल्याकडे १८५४ मध्ये मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. नारायण दाजींसारखे मराठी छायाचित्रकार तिच्यात होते. त्यांचीही सगळी कामगिरी याच तिवईवरची.

मग १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली, पुढच्या काही वर्षांत ती सुधारली, आणि सेकंदाच्या लहान अंशात फोटो निघू लागला. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनचा कोडॅक आला : हातात धरायचा डबा, आत शंभर फोटोंची फिल्म. १९२५ मध्ये लायका बाजारात आला आणि कॅमेरा कोटाच्या खिशात गेला. आता तुम्ही म्हणाल, आधाराची गरज संपली. वेळेची अडचण सुटली होती, मग काठी आली कुठून?

इथे मला तुम्हाला कॅमेऱ्यापासून जरा लांब न्यायचं आहे. १६०७ साली हेग शहरात याकोब द खेइन या चित्रकाराचं सैनिकी कवायतीचं एक पुस्तक निघालं. शिपायाने बंदूक कशी धरायची, कशी ठासायची, कशी झाडायची, हे त्यात एकेक हालचाल घेऊन दाखवलंय. त्यात बंदूकवाले दोन प्रकारचे आहेत. एकांकडे हलकी बंदूक, तिला म्हणत कॅलिव्हर. दुसऱ्यांकडे जड मस्केट. आता नीट बघा : कॅलिव्हरवाल्याच्या हातात दुसरं काही नाही. मस्केटवाल्याच्या डाव्या हातात मात्र एक काठी आहे, वर दुबेळकं, खाली टोक. नळी त्या बेचक्यात ठेवायची, नेम धरायचा, झाडायची, आणि काठी उचलून पुढे चालायचं.

एकच काळ, एकच सैन्य, एकच काम. फरक फक्त वजनाचा. पुढे सतराव्या शतकात मस्केट हलकी होत गेली आणि ती काठी सैन्यातून नाहीशी झाली. मस्केटची काठी बघूनच कुणी मोनोपॉड बनवला, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की गरज तीच होती. जड वस्तू, दूरवरचं लक्ष्य, आणि सतत जागा बदलणारा माणूस. आपल्याकडचा धनगर माळरानावर काठीवर भार टाकून तासन् तास उभा राहतो, तेही हेच शास्त्र. मेंढरं हलली की त्यालाही हलायचं असतं. त्याला तिवई देऊन काय उपयोग?

कॅमेऱ्याच्या दुनियेत ही गरज आणली लांब पल्ल्याच्या लेन्सने. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी झाइस कंपनीने १८० मिलिमीटरची, एफ २.८ ची लेन्स काढली, तिला ऑलिंपिया झोनार असंच नाव पडलं. १९५९ मध्ये निकॉन एफ आला. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्समधून थेट दिसतं, त्यामुळे लांबच्या लेन्स वापरणं सोपं झालं. खेळांच्या छायाचित्रकारांना आणखी लांबचं आणि आणखी उजळ हवं होतं. उजळ म्हणजे मोठी काच, मोठी काच म्हणजे वजन. १९९१ ची कॅननची ४०० मिलिमीटर एफ २.८ लेन्स घ्या. वजन ६.१ किलो. कॅमेरा वेगळा!

आता हिशेब करा. कसोटी सामन्याच्या एका दिवसात ९० षटकं अपेक्षित, म्हणजे ५४० चेंडू. विकेट कुठल्या चेंडूवर पडेल हे सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक चेंडूला डोळा कॅमेऱ्याला. सहा किलोची लेन्स ५४० वेळा उचलायची? सीमारेषेबाहेर सहकाऱ्यांची रांग, मधे मोकळी जागा जेमतेम गुडघ्याएवढी. तिथे तीन पाय पसरता येत नाहीत, आणि चेंडूमागे फिरायचं तर ट्रायपॉड आडवाच येतो. त्यामुळे तिथे एक पाय रुजला.

आणि इथे एक बारकावा आहे, तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हाताची थरथर फोटोत दिसू नये यासाठी जुना ठोकताळा आहे : लेन्स जितक्या मिलिमीटरची, तितकाव्वा अंश सेकंद. ५० ची लेन्स असेल तर १/५०, ४०० ची असेल तर १/४००. मोनोपॉडने यात साधारण दोन स्टॉपची सूट मिळते, हात सरावलेला असेल तर तीन. म्हणजे १/४०० ऐवजी १/१००, क्वचित १/५०. पण फलंदाजाची बॅट थिजवायला १/१००० किंवा त्याहून जलद वेग लागतोच. त्या वेगाला थरथर तशीही दिसत नाही. मग मैदानावर मोनोपॉड कशासाठी? खांद्यासाठी, मनगटासाठी, पाठीसाठी. पन्नासाव्या षटकातही नेम पहिल्या षटकासारखा राहावा, यासाठी.

उलट बाजूही बघा. तुम्हाला रात्रीच्या आकाशातले तारे टिपायचेत, धबधबा रेशमासारखा दाखवायचाय, तीस सेकंदांचं एक्स्पोजर द्यायचंय. तिथे मोनोपॉड शून्य. कितीही महाग घ्या, एका पायावर तीस सेकंद कुणी स्थिर राहत नाही. ती वेळेची अडचण आहे, तिला तीन पायच लागतात. तेव्हा दुकानात जाण्याआधी स्वतःला विचारायचं : माझी अडचण वेळेची आहे की वजनाची?

समजा वजनाची आहे. मग काय बघायचं?

पहिलं, उंची. पूर्ण उघडल्यावर कॅमेरा तुमच्या डोळ्यापर्यंत यायला हवा, वाकावं लागता कामा नये. चढावर उभं राहायचं तर थोडी जास्तच. दुसरं, भार. कॅमेरा आणि लेन्सचं एकत्र वजन काढा आणि त्याच्या बरंच वरची क्षमता घ्या, कारण तुम्ही वरून हाताने दाबणारही आहात. तिसरं, नळ्या. कमी भागांचा मोनोपॉड ताठ असतो पण मिटल्यावर लांब राहतो, जास्त भागांचा पिशवीत मावतो पण सगळ्यात खालची नळी बारीक होते. उघडताना जाड नळ्या आधी उघडा. चौथं, कुलूप. खटक्याचं असेल तर उघडंय की बंद ते डोळ्यांना दिसतं, पिळाचं असेल तर कशात अडकत नाही. अंधारात दोन्ही उघडून बघा, जे हाताला बसेल ते आपलं. पाचवं, धातू की कार्बन. कार्बन हलका, उन्हात हाताला चटका देत नाही, पण महाग. जास्त चालणार नसाल तर अॅल्युमिनियम पुरतं.

वरच्या स्क्रूबद्दल एक गंमत. जगभर तो पाव इंची किंवा ३/८ इंची असतो, आणि ही मापं एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या व्हिटवर्थच्या आट्यांतून आली. तुमचा आजचा डिजिटल कॅमेरा त्या जुन्या मापावर उभा आहे. जड लेन्ससाठी ३/८ चा चांगला. लेन्सला स्वतःची कडी असेल तर मोनोपॉड त्या कडीलाच लावा, कॅमेऱ्याच्या तळाला नाही, नाहीतर सगळा भार माउंटवर येतो. बॉल हेड मात्र टाळा. ते चहूकडे कलतं आणि तुम्हाला दोन गोष्टी सावराव्या लागतात. पुढे-मागे एवढंच कलणारं हेड पुरतं, कारण गोल फिरायला काठी आहे आणि आडवा-उभा करायला कडी आहे.

वापरायचं कसं? बहुतेक जण काठी पायांच्या मधोमध सरळ उभी करतात आणि तिला सांभाळत बसतात. तसं नका करू. पाय खांद्याइतके फाकवा, काठीचं टोक एक पाऊल पुढे टेकवा, आणि अंगाचा थोडा भार तिच्यावर टाका. तुमचे दोन पाय आणि ती एक, झाले तीन. डावा हात लेन्सवर वरून ठेवा, कोपर अंगाशी, डोळा चष्म्याच्या रबराला टेकलेला. अर्धा श्वास सोडून हलकेच बटण दाबा, आणि दोन-तीन फोटो सलग घ्या. पहिल्यात बोटाचा झटका असतो, त्यामुळे पुढचा जास्त स्वच्छ येण्याची शक्यता असते. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन चालूच ठेवा, कारण मोनोपॉडवर तुम्ही थोडे डोलताच.

आता शेवटचा मुद्दा. १९९५ मध्ये कॅननने आरशाच्या कॅमेऱ्यासाठी स्टॅबिलायझेशन असलेली पहिली लेन्स, ७५ ते ३०० मिलिमीटरची, बाजारात आणली. थरथरीचं निम्मं काम यंत्राने उचललं. आणि २०१८ मध्ये त्याच ४०० मिलिमीटर एफ २.८ च्या नव्या आवृत्तीचं वजन झालं २.८४ किलो. सहाचं तीनच्या आत! मस्केट हलकी झाली, काठी गेली. लेन्स हलकी होतेय, मग मोनोपॉडही जाईल का?

काही ठिकाणी तो जातोच आहे. पक्षी टिपणारे कित्येक जण आता नुसत्या हातावर काम करतात, कारण डोक्यावरून उडणाऱ्या पक्ष्यामागे काठी वळत नाही. पण लग्नाच्या मांडवात तो नव्याने आलाय, खाली तीन छोटी बोटं घेऊन. कारण व्हिडिओत एक क्षण स्थिर राहून भागत नाही, मंगलाष्टक संपेपर्यंत चित्र हलता कामा नये, आणि अक्षतांच्या गर्दीत ट्रायपॉडला जागा नाही. अडचण बदलली की वस्तू घर बदलते.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आलीये : “ताडोब्याला जिप्सीत मोनोपॉड चालेल का?” चालेल, पण माझा सल्ला बीनबॅगचा. गाडीत तुमचे दोन पाय मोकळे पसरत नाहीत, आणि शेजारचा हलला की काठीतून धक्का थेट कॅमेऱ्यात येतो. रिकामी पिशवी घेऊन जा, तिथे तांदूळ भरा, गाडीच्या कडेवर ठेवा आणि चालकाला इंजिन बंद करायला सांगा.

दुसरी चिठ्ठी : “वय झालंय, हात थरथरतात, छंद सोडू का?” अजिबात सोडू नका. या काठीचा सगळा इतिहास हाच आहे, की हाताला न पेलणारं काम तिने पेललं. हलका मोनोपॉड घ्या, चालताना आधाराला धरा, आणि फोटो काढताना कॅमेऱ्याखाली लावा. फक्त चालताना कुलपं घट्ट आहेत ना, ते तपासा. वेळ संपलीये, इथेच थांबतो.