बर्ड फ्लू : विषाणूच्या जनुकीय बदलांवर नजर कशी ठेवतात?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या दगावले. त्यातील वाघ चंद्रपूर भागातून आणलेले होते. मृत्यूचे कारण एच५एन१ बर्ड फ्लू निघाले. जानेवारी २०२५ मध्ये मांगली (ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर) येथील कोंबड्यांतही एच५एन१ आढळला. पण नाव एक म्हणजे विषाणू एकच, असे नसते. दोन ठिकाणच्या विषाणूंचे नाते जनुकीय क्रम जुळवूनच कळते.

विषाणू का बदलतो?
या विषाणूचे जनुकीय द्रव्य (आरएनए) आठ तुकड्यांत असते. नक्कल होताना त्यात चुका राहतात. एकाच पक्ष्यात दोन फ्लू विषाणू शिरले, तर तुकड्यांची अदलाबदल होऊन नवा प्रकार तयार होतो. म्हणून एच५ विषाणूच्या अनेक शाखा झाल्या आहेत. भारतात २.३.२.१ए आणि २.३.४.४बी या दोन्ही शाखा सापडल्या आहेत.

नोंदीचा उपयोग
- लागण स्थलांतरित पक्ष्यांकडून आली की कोंबड्यांच्या वाहतुकीतून, याचा अंदाज येतो.
- चालू चाचण्या नव्या प्रकाराला ओळखतात का, हे तपासता येते.
- सस्तन प्राण्यांत वाढण्यास मदत करणारे बदल (उदा. पीबी२ जनुकातील) वेळीच दिसतात. जंगलालगतच्या गावांसाठी हे महत्त्वाचे आहे.

पशुपालकांनी काय करावे?
- गावठी कोंबड्या किंवा तलावावरील पक्षी अचानक मरू लागल्यास पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे.
- मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये, कापू नये, नाल्यात वा जंगलात टाकू नये. तो कुत्री, मांजरे व वन्यप्राण्यांच्या तोंडी लागतो.
- कोंबड्यांना बोडी-तलावावरील रानपक्ष्यांपासून दूर ठेवावे.

विस्तार कर्मचाऱ्यांसाठी
श्वासनलिका व विष्ठामार्गातील नमुने पशुवैद्यकांनीच संरक्षक पोशाखात घ्यावेत व बर्फावर, गळती न होणाऱ्या डब्यात पाठवावेत. गाव, तारीख व पक्ष्याची जात अचूक लिहावी. या नोंदीशिवाय जनुकीय क्रमाचा अर्थ लागत नाही. अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते.

रोग निश्चित झाल्यास १ किमी परिसरातील कोंबड्या नष्ट करतात व १० किमीपर्यंत सर्वेक्षण होते. नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून पहिली मरतूक दिसताच कळवणे हिताचे.